डावीकडून येणारा रणगाडा

मी नोकरीत नेमकं काय करते हे माझ्या माहेरी लातूरला आजवर कुणाला कळलेलं नाही. आई शेजारणीला सांगते, "लेक मिलिटरीचं काम करते." वडील सांगतात, "कॉम्प्युटरचं बघते." या दोन्हींची बेरीज करून त्या शेजारणीने एकदा मला फोन केला, आमच्या पोराला सैन्यात चिकटवून दे म्हणून. मी म्हटलं, "काकू, मला आमच्याच गेटवरचा वॉचमन रोज ओळखपत्र मागतो." तर म्हणते, "असं कसं, तू तोफा बनवतेस ना?" मी फोन ठेवून दिला. माझा स्वभाव तापट आहे हे इथेच सांगून टाकते, पुढे कळणारच आहे.

तर खरी गोष्ट अशी. महाळुंग्याच्या एका शेडमध्ये आमची कंपनी खोटे रणगाडे बनवते. पत्र्याची केबिन, आत ड्रायव्हरची सीट, स्टिअरिंग, पेडल, आणि समोर, डावीकडे, उजवीकडे असे तीन मोठे पडदे. जवानाने त्यात बसून रणगाडा चालवायला शिकायचं, डिझेल न जाळता आणि कुणाचं कुंपण न मोडता. असाच एक खोटा रणगाडा आम्ही पार तिकडे वाळवंटातल्या एका छावणीत नेऊन ठेवला होता. माझं काम, या दोघांना एकाच रणांगणावर आणायचं. म्हणजे इथे महाळुंग्यात कुणी स्टिअरिंग वळवलं की तिकडच्या माणसाला त्याच्या पडद्यावर आमचा रणगाडा वळताना दिसला पाहिजे, आणि त्याचा आम्हाला. मधलं सगळं अंतर एका भाड्याच्या लाइनीवरून कापायचं. त्या लाइनीला मी माझी सवत म्हणायचे.

लाइन कितीही चांगली असली तरी निरोप पोचायला वेळ हा लागतोच. म्हणून या धंद्यात एक युक्ती करतात. आमचा रणगाडा क्षणाक्षणाला 'मी इथे, मी इथे' करत बसत नाही. तो एकदाच सांगतो की मी अमुक ठिकाणी आहे, या दिशेला, या वेगाने चाललोय. पुढचा निरोप येईपर्यंत तिकडचं मशीन धरून चालतं की हा असाच सरळ चालला असणार, आणि पडद्यावर त्याला तसाच चालवत राहतं. आमच्या ड्रायव्हरने मध्येच काही वेगळं केलं की नवा निरोप जातो आणि तिकडचा अंदाज दुरुस्त होतो. माझ्या सासूबाईही हेच करतात. नवरा सकाळी मोशीतून निघाला की त्या चहा ढवळत सांगत असतात, आता भोसरी आली असेल, आता नाशिक फाटा, आता पिंपळे गुरवला ऑफिसात टेकला असेल. आणि हा बाबा अजून आमच्याच कोपऱ्यावर वडापाव खात असतो.

आता एवढी जोडणी तपासायची तर कुणीतरी दिवसभर रणगाडा चालवत बसायला हवं. आमच्याकडच्या इंजिनियरांनी प्रयत्न केला. पण त्या केबिनीत पडदा हलतो आणि बूड हलत नाही, त्याने पोटात असं काही ढवळतं की एकेक पोरगं तोंडाला रुमाल लावून बाहेर पळायचं. शेडच्या मागची तगरीची झाडं त्या महिन्यात जळून गेली. आमचे साहेब, म्हणजे कंपनीचे मालक, हताश होऊन म्हणाले, "कुणीतरी लोखंडी पोटाचा माणूस आणा राव!"

असा माणूस माझ्या घरातच होता, आणि तो तेव्हा घराला नकोसा झाला होता.

माझे सासरे. त्यांना मी मामा म्हणते. मोशीचं जुनं घराणं. शेती होती तिथे आता टॉवर उभे आहेत. पण मामांचा जीव कधी शेतीत नव्हताच. ते जन्मभर ट्रकच्या कारखान्यात टेस्ट ड्रायव्हर होते. नवी गाडी तयार झाली की तिला कच्च्या ट्रॅकवर नेऊन तिचे हाल हाल करायचे आणि काय मोडतं ते बघायचं, हे त्यांचं काम. त्यावर त्यांना पगार मिळायचा याचं त्यांना शेवटपर्यंत नवल वाटत होतं. रिटायर झाल्यावर त्यांनी एक गाडी घेतली आणि दोन-तीन वर्षं आळंदी, देहू, खेड असं जिथे काम नाही तिथे जाऊन आले.

मग गाडी घासायला लागली. आधी आमच्याच गेटचा खांब. "खांब मदी आला," मामा म्हणाले. मग दूधवाल्याची मोटारसायकल. "त्येला चालवताच येत न्हाई." मग एका लग्नात मांडवाची कमानच घेऊन पुढे गेले, आणि नवरदेवाच्या बापाने जो तमाशा केला त्यानंतर माझ्या नवऱ्याने किल्ल्या काढून घेतल्या. सासूबाईंनी, म्हणजे आत्यांनी, त्या ज्वारीच्या पिठाच्या डब्यात लपवल्या. "अहो, एकदा डोळे तरी दाखवून या," असं आत्या त्यांना म्हणाल्या, तर मामा कडाडले, "माजी नजर घारीची हाय! माज्या नजरेला नाव ठिवायचं न्हाई!" विषय संपला. घरात सगळ्यांनी धरून चाललं की वय झालंय, आणि हट्ट वाढलाय.

त्यानंतर मामा माझ्या नवऱ्याशी बोलेनात. समोरासमोर जेवायला बसले तरी, "सूनबाई, तुज्या नवऱ्याला सांग, चटनी हिकडं सरकव." नवरा म्हणायचा, "अगं, अण्णांना सांग, चटणी त्यांच्याच ताटाशी आहे." मी दोघांच्या मधली लाइन. दिवसभर ऑफिसात तेच आणि घरी आल्यावर तेच! एकदा मी चटणीची वाटी उचलून बेसिनमध्ये ओतली आणि म्हटलं, "आता बोला काय बोलायचं ते." दोघांनीही लोणच्याची बरणी पुढे ओढली.

पण मला त्यांचं वाईट वाटायचं. संध्याकाळी ते ओट्यावर बसायचे आणि रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्यांचे गिअर तोंडाने बदलायचे. "दुसरा टाक... टाक की लेका दुसरा." तेव्हा मी ठरवलं आणि त्यांना स्कूटरवर मागे बसवून महाळुंग्याला नेलं.

पहिल्याच दिवशी मामा जे त्या केबिनीत शिरले ते जेवायच्या सुट्टीलाच बाहेर आले. पोट ढवळलं का विचारलं तर म्हणाले, "न्हाई. भूक लागली." साहेबांनी त्यांना तिथल्या तिथे टेस्ट ड्रायव्हर म्हणून ठेवलं आणि गळ्यात फोटोचं ओळखपत्र घातलं. ते ओळखपत्र मामा घालून देवळात गेले, दळण आणायला गेले, आणि एका मयतीलाही घालून गेले. घरी आल्यावर त्यांनी नवऱ्याकडे बघत मला सांगितलं, "तुज्या नवऱ्याला सांग, रनगाडा चालवून आलोय."

रोज सकाळी केबिनीत बसण्याआधी मामा खिशातला पंचा काढून पडदे पुसायचे. समोरचा एकदा, उजवा एकदा, आणि डावा मात्र घासून घासून. "हिकडं लई धूळ बसती तुमच्या शेडात," म्हणायचे. मी सफाईवाल्या मावशींना दोनदा बोलले, त्या माझ्यावर खेकसल्या. ड्रायव्हर माणसाची शिस्त, असं म्हणून मी पुढे त्याचा विचार केला नाही.

मग माझे हाल सुरू झाले.

तिकडच्या छावणीत आमच्या रणगाड्यासमोर जो माणूस बसायचा ते एक सुभेदार होते. प्रत्यक्ष कधी भेट नाही, फक्त कानाला लावलेल्या हेडफोनमधला आवाज. गोड, शांत आणि चिडवणारा. पहिल्याच आठवड्यात ते मला म्हणाले, "मैडम जी, बुरा मत मानना, आपका टैंक मेंढक है क्या?"

म्हणजे त्यांच्या पडद्यावर आमचा रणगाडा चालत नव्हता, बेडकासारखा उड्या मारत होता. आत्ता इथे दिसला, की टुणकन पलीकडे. कधी टेकडीच्या पोटात शिरलेला, कधी हवेत. मी म्हटलं, लाइन! दुसरं काय असणार? नक्की माझी सवत.

आणि माझं चुकत होतं असंही नाही. त्या दिवसांत महाळुंग्याचा रस्ता रुंद होत होता, गटार होत होतं, पाण्याचा पाइप जात होता, आणि हे सगळं करायला एकच जेसीबी होता जो कुणाचंच न ऐकता खणत होता. आमची केबल त्याने इतक्यांदा तोडली की तो लांबून दिसला तरी माझं पित्त खवळायचं. केबल तुटली की आमचा निरोप दुसऱ्या लांबच्या वाटेने, गावभर हिंडून तिकडे पोचायचा. एकदा तर मी हेल्मेट घालूनच जेसीबीच्या समोर जाऊन उभी राहिले. ड्रायव्हर म्हणाला, "ताई, बाजूला व्हा, खाली काय सोनं पुरलंय का?" मी ओरडले, "खाली माझं वाळवंट आहे!" तो खाली उतरला, त्याने माझ्याकडे नीट बघितलं आणि पाण्याची बाटली दिली.

लाइन कंपनीचा एक माणूस होता, चिपळूणकडचा. त्याला मी रोज फोन करायचे. तो रोज तपासायचा आणि रोज सांगायचा, "ताई, लाइन ओके आहे हो. अगदी ओके." मी म्हणायचे, "ओके आहे तर माझा रणगाडा हवेत काय करतोय?" तो म्हणायचा, "ते मी कसं सांगू?" शेवटी त्याने माझे फोन घेणं बंद केलं, मग मी साहेबांच्या फोनवरून करायला लागले.

वर लष्कराचे मोठे अधिकारी येणार होते, दोन्ही रणगाडे एका रणांगणावर रांगेत चालताना बघायला. साहेब रोज येऊन विचारायचे, "झालं का?" आणि मी रोज दात ओठ खायचे.

एक दिवस डोकं इतकं फिरलं की मी उठून केबिनीत मामांच्या शेजारी जाऊन बसले. म्हटलं, निदान इथून काय दिसतं ते तरी बघू. समोर मोकळं वाळवंट. रस्ता नाही, माणूस नाही, झाड नाही. आणि मामा त्या मोकळ्या वाळवंटात स्टिअरिंग सपासप फिरवत होते, डावीकडे, उजवीकडे, मध्येच कचकन ब्रेक, मध्येच जोर.

"मामा! हे काय चाललंय?"

"टेस्टिंग."

"अहो, पण सरळ वाट आहे की!"

"सरळ कुनीबी चालवंल. सरळ चालवून गाडीतली खोट कळती व्हय? गाडीला हालवून बगाया लागतं. चाळीस वरसं हेच केलंय."

मी कपाळावर हात मारून घेतला. ज्या युक्तीचा सगळा डोलारा 'हा असाच सरळ चालला असणार' या अंदाजावर उभा होता, तिच्या सीटवर मी असा माणूस आणून बसवला होता की ज्याला आयुष्यात सरळ चालवण्याचा पगारच मिळाला नव्हता! दर वळणाला नवा निरोप जात होता, तिकडचं मशीन बिचारं एक अंदाज दुरुस्त करेपर्यंत मामांनी दुसरीकडे तोंड वळवलेलं असायचं. लाइन खरंच ओके होती. हे मी चिपळूणच्या माणसाला त्या दिवशी सांगितलं नाही.

मामांना मी हात जोडून म्हटलं, "पुढे नवरीची गाडी आहे आणि तुम्ही मागून वऱ्हाड घेऊन चाललाय असं समजा." त्यांना ते कमीपणाचं वाटलं, पण चालवलं. दुसऱ्या दिवशी सुभेदार म्हणाले, "मैडम जी, मेंढक को किसने समझाया?" मी ऐटीत म्हटलं, "मैंने." संध्याकाळी साहेबांनी सगळ्यांना जिलबी वाटली.

जिलबीचा घास खाली उतरतो न उतरतो तोच नवं खूळ निघालं.

आता दोन्ही रणगाडे शेजारी शेजारी चालवायचे होते. सुभेदार मागून येऊन आमच्या बरोबरीला यायचे, आणि मामा त्यांना खुशाल ठोकायचे. एकदा, दोनदा, रोज. "बाबूजी ने फिर ठोक दिया," सुभेदार सांगायचे. ते मामांना बाबूजी म्हणत. मामा म्हणायचे, "त्यो दिसलाच न्हाई. एकदम आला." मी लगेच म्हटलं, बघा! यांचा रणगाडा आमच्या पडद्यावर उशिरा उमटतोय. लाइन! साहेबांचा फोन घेतला आणि चिपळूणला, म्हणजे त्या माणसाला, असं काही झापलं की शेजारच्या शेडमधले लोक बाहेर आले. तो शांतपणे म्हणाला, "ताई, लाइन ओके आहे."

उशीर किती होतोय ते मोजायला म्हणून मी सुभेदारांना सांगितलं, आज एकदा डावीकडून या, एकदा उजवीकडून या. ते उजवीकडून आले. मामांनी सराईतपणे वाट दिली, वर हात केला. डावीकडून आले. धडाम. पुन्हा उजवीकडून, मामांनी वाट दिली. पुन्हा डावीकडून, धडाम.

मी हेडफोन काढून टेबलावर ठेवला. लाइन तीच होती. लाइनीला डावं-उजवं कळत नाही.

गेटचा खांब डावीकडचा. दूधवाला डावीकडे. मांडवाची कमानही डावीकडचीच. आणि तो रोज घासून घासून पुसलेला डावा पडदा. मी चहाचा कप घेतला, केबिनीच्या डाव्या बाजूला जाऊन मामांच्या अगदी खांद्याशी उभी राहिले, कप पुढे धरला आणि गप्प राहिले. मामा सरळ समोर बघत होते. मी हात हलवला. त्यांनी बघितलं नाही. चहावर साय धरली तरी मी तशीच उभी होते. मग मी म्हटलं, "मामा, चहा." त्यांनी दचकून उजवीकडे बघितलं.

मग हळूच पूर्ण मान वळवून माझ्याकडे. माझं तोंड बघूनच त्यांना कळलं.

"कधीपासून?" मी विचारलं.

"शिमग्याच्या आधीपासनं," मामा म्हणाले. "आदी वाटलं, काच पुसायची राह्यलीय."

"आणि बोलला नाहीत?"

"बोललो असतो तर किल्ल्या गेल्या असत्या."

"अहो, पण किल्ल्या गेल्याच की!"

"मंग बोलून काय फायदा व्हता?"

मला त्यांचा राग आला, नवऱ्याचा आला, आत्यांचा आला, आणि सगळ्यात जास्त माझा आला. मी शेकडो मैलांवरच्या लाइनीत काय बिघडलंय ते शोधत होते. मामा खाली बघून स्टिअरिंगवरची धूळ अंगठ्याने पुसत म्हणाले, "सूनबाई, ही पन सीट जानार का मग?" इतक्या हळू आवाजात मी त्यांना कधी बोलताना ऐकलं नव्हतं. मी म्हटलं, "आधी डोळे. सीटचं मग बघू." त्याहून जास्त वचन मला देता येत नव्हतं.

घरी सांगितलं तेव्हा नवऱ्याने हातातला घास ताटात ठेवला. मग उठून मामांच्या ताटापाशी गेला आणि थेट म्हणाला, "अण्णा, उद्या मी सुट्टी काढतो." माझ्यामार्फत नाही, थेट. मामा म्हणाले, "चटनी घे." आत्या पिठाच्या डब्यापाशी जाऊन उगीच पीठ चाळत बसल्या.

डोळ्याच्या दवाखान्यात एक मशीन असतं. हनुवटी टेकवायची, एक डोळा झाकायचा, समोरच्या पांढऱ्या घुमटात कुठेतरी बारीक उजेड लुकलुकतो, तो दिसला की हातातलं बटण दाबायचं. मामांनी मशीन बघितलं आणि खूश झाले. "आमच्याकडं बी असलंच हाय," तपासणाऱ्या मुलीला सांगितलं. उजवा डोळा झाकला, डाव्याची तपासणी सुरू झाली. मामा टक, टक, टक, झकास लयीत बटण दाबत होते. मला वाटलं, अगं बाई, दिसतंय की! तर ती मुलगी म्हणाली, "आजोबा, उजेड दिसल्यावर दाबा. अंदाजाने नका दाबू."

"पुढचा येनारच हाय की," मामा म्हणाले. "म्हनून आदीच दाबतोय."

मी फसकन हसले. नवराही हसला. ती मुलगीही हसली. आणि हसता हसता मला जे रडू फुटलं ते आवरेना, तिने मला बाहेर बाकावर नेऊन बसवलं.

डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. डाव्या डोळ्याचं बरंचसं गेलं होतं, ते परत येणार नव्हतं. उजव्याला सुरुवात झाली होती, पण थेंब नेमाने घातले तर तो राहील म्हणाले. आणखी वर्षभर असंच चाललं असतं तर तोही गेला असता. गाडी मात्र बंद. रस्त्यावरची गाडी कायमची बंद. मामांनी नुसती मान हलवली आणि घरी जाताना रिक्षात डाव्या बाजूला मला बसवून घेतलं.

अधिकारी आले त्या दिवशी रणगाडा अर्थातच जवानांनी चालवला. मामा पाहुण्यांच्या रांगेत, इस्त्रीच्या शर्टावर ओळखपत्र लावून. दोन रणगाडे, एक महाळुंग्याचा, एक वाळवंटातला, एकाच पडद्यावर रांगेत असे चालले की मला आतून भरून आलं. जेसीबीवाल्याला त्या दिवशी साहेबांनी चहापाण्याला बोलावून आमच्याच आवारात बसवून ठेवलं होतं. काम पसंत पडलं. मी चिपळूणच्या माणसाला फोन केला आणि म्हटलं, "लाइन ओके आहे." तो घाबरून म्हणाला, "म्हणजे नक्की काय झालं, ताई?"

पाहुणे गेले. शेडमध्ये खुर्च्या आवरायचं चाललं होतं. मी हेडफोन बंद करायला गेले तर आतून सुभेदारांचा आवाज, "मैडम जी, बाबूजी हैं क्या? एक चक्कर हो जाए?"

त्यांना मी डोळ्याचं सांगितलं होतं. ठोकाठोक लाइनीमुळे नव्हती हे कामाच्या दृष्टीने सांगावंच लागलं. मी साहेबांकडे बघितलं. साहेब म्हणाले, "बघताय काय राव, बसवा त्यांना."

मामा सीटवर बसले, मी हेडफोन लावून त्यांच्या शेजारी. पंचा काढला, समोरचा पडदा पुसला, उजवा पुसला, आणि पंचा घडी करून खिशात ठेवला. डाव्या पडद्याला हात लावला नाही. गाडी निघाली, एकदम सरळ, नवरीच्या गाडीमागे जावी तशी. थोड्या वेळाने सुभेदारांचा रणगाडा मागून आला आणि उजवीकडून बरोबरीला चालायला लागला. मामांनी वाट दिली. ते पुढे गेले, मागे आले, पुन्हा उजवीकडून. तिसऱ्यांदाही उजवीकडूनच.

"ह्यो आज सारखा उजवीकडनं कसा काय येतोय?" मामांनी विचारलं.

"त्यांना तिकडून सोयीचं पडत असेल," मी म्हटलं.

"उगा मला नको शिकवू," मामा म्हणाले. "त्येला ठावं हाय." मग जरा थांबून, "त्येला सांग, डावीकडनं ये म्हनावं."

"मामा, कशाला उगीच?"

"सांग तू."

मी सांगितलं. तिकडचा रणगाडा जागीच थांबला. मग, "पक्का, मैडम जी?" मी म्हटलं, "बाबूजी बोल रहे हैं."

तो रणगाडा मागे गेला आणि डावीकडून यायला लागला. मी सीटची कड घट्ट धरली. मामांनी वेग कमी केला. आणि त्यांनी मान वळवली. नुसती मान नाही, खांदा आणि कमर वळवून अख्खा माणूस डावीकडे वळला, उजवा डोळा पार त्या डाव्या पडद्यापर्यंत नेला, आणि तसेच बघत राहिले.

"दिसला," मामा म्हणाले. त्यांनी स्टिअरिंग उजवीकडे घेतलं, वाट दिली आणि वर हात केला.

कानात सुभेदार ओरडत होते, "शाबाश, बाबूजी! मैडम जी, बोलो बाबूजी को शाबाश! मैडम जी? हेलो? आपकी आवाज़ नहीं आ रही, मैडम जी!"

मी मामांच्या खिशातला पंचा ओढून तोंडावरून फिरवला. मग कसंबसं म्हटलं, "सॉरी साहब, इधर लाइन में प्रॉब्लम है."